अमेरिकेचं गाणं, जळकोटचं रान

ज्वारीच्या कणसांत दूध भरायला लागलं, वाळलेल्या तुरीच्या शेंगा वाऱ्यावर वाजायला लागल्या, की आमच्या भागातल्या शाळांत तास धड होत नाहीत. कुठल्या तरी वर्गात बाकं सरकवल्याचा आवाज येतो, मग ढोलकीवर एक चाचपडती थाप, मग मोबाइल लाउडस्पीकरला जोडतानाची खरखर. गॅदरिंगचे दिवस. स्नेहसंमेलन हा शब्द फक्त निमंत्रणपत्रिकेवर असतो. पोरं, मास्तर, शिपाई, सगळे गॅदरिंगच म्हणतात.

परवा अणदूरच्या पुढं एसटी जरा वेळ थांबली होती. रस्त्यालगतच्या शाळेच्या पटांगणात मुली रांगेनं नाच बसवत होत्या. एकीचं पाऊल सारखं चुकत होतं आणि बाकीच्या तिला हातानं धरून जागेवर आणत होत्या. करडईच्या पिवळ्या फुलांवर ऊन पडलं होतं. गाडी हलली तरी माझी नजर मागंच राहिली. मला आमचं ते गॅदरिंग आठवलं.

मी जळकोटच्या शाळेत इंग्रजी शिकवते. माहेर तुळजापूरचं, शिक्षण सगळं मराठीतून. एम.ए.ला अमेरिकन नाटकाचा एक पेपर होता आणि त्यात शेवटचा घटक तिथल्या संगीत रंगभूमीचा. त्या वेळी धाराशिवच्या वाचनालयात बसून मी त्याच्या नोट्स उतरवून काढल्या होत्या. युरोपातून आलेला ऑपेरेटा हा हलकाफुलका संगीत नाट्यप्रकार, त्यातले राजपुत्र आणि वॉल्ट्झ नाचाची वळणं. मग व्हॉडव्हिल, म्हणजे एका तिकिटात जादू, नकला, नाच आणि कसरती. मग रॅगटाइम, ब्लूज, जॅझ. मग अशी नाटकं, ज्यांत गाणं कथेला थांबवून ठेवत नाही, उलट हाताला धरून पुढं नेतं. हे शेवटचं वाक्य मी लाल शाईनं अधोरेखित केलं होतं. परीक्षेत ते जसंच्या तसं लिहिलं आणि चांगले मार्क मिळवले. या सगळ्यातला एक सूरही मी तोवर ऐकला नव्हता. समुद्र न पाहता समुद्राची व्याख्या पाठ असावी, तसा माझा जॅझ.

सूर कानावर पडायला बरीच वर्षं जावी लागली. हातात इंटरनेटचा फोन आला आणि एके दिवशी एसटीत खिडकीला टेकून, एका कानात इअरफोन घालून, मी रॅगटाइमचा पियानो लावला. नळदुर्गचा किल्ला मागं पडत होता. पियानोवरचा डावा हात बैलगाडीसारखा संथ, एकसारखा चालला होता. उजवा मात्र ऐनवेळी पाऊल मागं घ्यायचा आणि भलत्याच ठिकाणी टाकायचा. जिथं जोर येईल असं वाटे तिथं यायचा नाही, जिथं वाटत नसे तिथं यायचा. सिंकोपेशन या शब्दाची व्याख्या मी घोकली होती. ती गोष्ट अशी खट्याळ असते हे कुणी सांगितलं नव्हतं. मी एकटीच हसले, तर शेजारच्या आजीबाई सरकून बसल्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आमचे मुख्याध्यापक बिराजदार सर मला म्हणाले, "मॅडम, दरवर्षी तीच पिक्चरची गाणी. ह्या वर्षी तुमच्या इंग्रजीतलं कायतरी बसवा की. फक्त लोकांना कळंल असं बघा."

मी तयारच बसले होते. अमेरिकेच्या संगीत नाटकाची गोष्ट, अर्ध्या तासात, मराठी निवेदनातून. मधे मधे छोटे प्रसंग, गाणी मुलांनीच रचायची, ताल ढोलकीचा. सरांना मी व्हॉडव्हिल समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आपलं गॅदरिंगच म्हणा की." ज्यावर मी नोट्समध्ये दोन पानं खर्ची घातली होती, ते त्यांनी एका वाक्यात संपवलं.

अकरावीचा वर्ग घेतला. ढोलकीला नागेश. अणदूरच्या खंडोबापुढं भजनात वाजवणारा, हात तयार, जीभ त्याहून तयार. त्यानं तोंड उघडलं की वर्ग हसायला सज्ज. आणि गायला महानंदा. ती जळकोटच्या पलीकडच्या वस्तीवरून चालत यायची. उंच, अबोल, घरात कानडी, शाळेत मराठी. बसायची शेवटून दुसऱ्या बाकावर. प्रार्थनेच्या वेळी मला एक खालच्या पट्टीतला, जरा खरबरीत आवाज ऐकू यायचा आणि कुणाचा ते कळायचं नाही. एकदा रांगेतून चालत गेले तेव्हा सापडला. बाकीच्या मुली वर वर गात होत्या. ही जमिनीवर पाय रोवून गात होती. रंगानं ती काळी होती. आमच्याकडं सावळी म्हणून वेळ मारून नेतात तशी नाही, चांगली काळी. हे मला इथं लिहावं लागतंय, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं.

तालीम सुरू झाली तसं शाळेचं रूपच बदललं. ऑपेरेटाच्या प्रसंगासाठी मुलींनी घरून भरजरी ओढण्या आणल्या. वॉल्ट्झची तीन मात्रांची चाल नागेशनं ढोलकीवर दादऱ्याच्या अंगानं बसवली आणि ती चक्क शोभली. दुपारच्या उन्हात धूळ उडायची. हायवेवरून ट्रक गेला की निवेदन करणारी पूजा थांबायची आणि ट्रक गेला की तिथूनच पुढं सुरू करायची. मला वाटत होतं, माझ्या त्या पाठ केलेल्या पानांत पहिल्यांदाच कुणीतरी राहायला आलंय.

आता त्या इतिहासाच्या आरंभी एक गोष्ट आहे. ऑपेरेटाच्या आणि जॅझच्याही आधी तिथं मिन्स्ट्रेल नावाचे खेळ जोरात चालत. गोरे नट बाटलीचं बूच जाळून त्याची काजळी तोंडाला फासायचे आणि गुलामगिरीत राबणाऱ्या काळ्या माणसांच्या नकला करायचे. ती माणसं कशी आळशी, कशी मूर्ख, कशी उगाच नाचतात. लोक पोट धरून हसायचे. नोट्समध्ये यावर एक परिच्छेद होता आणि मला इतिहास पूर्ण दाखवायचा होता. म्हणून मी नागेशला आणि आणखी दोघांना तो प्रसंग दिला. तव्यावरची काजळी खोबरेल तेलात कालवून आणायला सांगितली. यात काही चुकतंय असं माझ्या मनालाही शिवलं नाही.

त्या दुपारी मुलं तोंडाला काळं लावत होती. नागेशनं आरशात बघितलं, मग मागं वळून महानंदाकडं बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, आमाला उगं कशाला तेलात बुडवताव? हिला नुसतं हुबं करा. तयार माल हाय."

वर्गात हशा फुटला. आणि मी हसले.

मोठ्यानं नाही. विनोद चपळ होता, हसू येऊन गेलं. लगेच मी आवाज चढवून "नागेश" म्हणाले, पुढचा प्रसंग सुरू करायला टाळ्या वाजवल्या, तालीम पुढं नेली. पण त्या मधल्या क्षणी महानंदा कुणाकडंच बघत नव्हती, फक्त माझ्याकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तुरीची काढणी चालू होती, अर्धा वर्ग असाच गैरहजर असतो, असं मी स्वतःला समजावत राहिले. चौथ्या दिवशी दुपारी तालीम पूजावर सोपवून मी वस्तीकडं चालत निघाले.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळं रान. हरभरा घाट्यांवर आलेला. वाटेत मला एक वाक्प्रचार आठवला, जो मी वर्गात कितीदा तरी समजावला होता. तोंड काळं होणं. अर्थ, बेअब्रू होणं. वाक्यात उपयोग करा. मुलं करायची. शेवटून दुसऱ्या बाकावर बसलेली मुलगीही वहीत तो लिहून घेत असणार.

महानंदाची आई बांधावर तुरीच्या पेंढ्या रचत होती. मला बघून गडबडली, पदर सावरला. "मॅडम, तुमी कशाला आलाव उन्हाचं? सांगावा धाडायचा की." मग रानाकडं तोंड करून लेकीला कानडीत हाक मारली, "यव्वा, बा इल्ली. मॅडम आल्यात."

महानंदा आली. हातात विळा, केसांत तुरीचा पाला. आई पाणी आणायला झोपडीकडं गेली.

मी म्हणाले, "तालमीला येत नाहीस."

"काम हाय."

"काम आहे म्हणून येत नाहीस?"

ती पायानं ढेकूळ फोडत राहिली. मग म्हणाली, "न्हाय."

"नागेश बोलला म्हणून?"

"नागेश रोजच बोलतंय, मॅडम. त्येचं काय न्हाय. पयलीपास्नं कोण ना कोण बोलतंयच. तुमी हसलात म्हणून न्हाय आले."

इतकं सरळ मला आजवर कुणी बोललं नव्हतं. मी उत्तर तयार करून आले होते, त्यात नागेशला रागवण्याचं होतं, गाणं किती महत्त्वाचं आहे हे होतं. माझं स्वतःचं काही नव्हतं.

"हसले," मी म्हणाले. "हसायला नको होतं. तो प्रसंग तसा बसवायलाच नको होता. चूक माझी आहे, महानंदा."

तिनं विळा पेंढीवर ठेवला आणि खाली बसली. मीही बसले. मग तिनं विचारलं, "ज्यांची नक्कल करायचे, ती माणसं कुठं होती तवा? बघायला बसली होती का?"

माझ्या परिच्छेदात याचं उत्तर नव्हतं. जे थोडं पुढं वाचलं होतं ते सांगितलं. बहुतेकांना त्या थेटरात पाऊल ठेवू देत नसत. पुढं गुलामगिरी संपली, काळे कलाकार स्वतः रंगमंचावर आले. पण लोकांना सवय लागली होती त्या सोंगाची. म्हणून त्यांनाही तोंडाला काजळी लावून उभं राहावं लागे.

"काळ्यावर काळं?"

"हो."

आई पाण्याचा तांब्या ठेवून पुन्हा पेंढ्यांकडं गेली. महानंदा म्हणाली, "मग त्यांनी गाणं कसं म्हणलं असंल, मॅडम? त्यांचं सोताचं कुठलं?"

मी पिशवीतून फोन काढला. रेंज एका रेघेवर होती. आधी रॅगटाइमचा पियानो ऐकवला, डावा हात कुठला वाजतो, उजवा कुठला ते सांगितलं. ती डोळे बारीक करून ऐकत होती, बोटं गुडघ्यावर चालत होती. "डावा हात टाळकऱ्यावानी," ती म्हणाली, "आन् उजवा त्येच्या मनानं चाललाय. पर चुकत न्हाय." मग मी एका बाईचं जुनं ब्लूज लावलं. आवाज खरबरीत, मागं चरचर. शब्द तिला कळत नव्हते, मलाही निम्मेच. एक ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिसरी ओळ वेगळी.

गाणं संपल्यावर मी म्हणाले, "दुःखाचं गाणं असतं हे."

"रडत न्हाय पर ती," महानंदा म्हणाली. "सांगतीय. पयल्यांदा सांगितलं ते कुणी ऐकलं न्हाय, म्हणून पुन्यांदा सांगतीय. मग तिसऱ्यांदा जाब इचारतीय."

मी चार पानं लिहिली होती ब्लूजवर.

ती लगेच येते म्हणाली नाही. "बघते," एवढंच म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी वर्गाच्या दारात उभी होती आणि हातात वहीचा एक कागद होता. तिनं तीन ओळी लिहून आणल्या होत्या. तोंडाला काजळी लावायचा प्रसंग मी काढून टाकला होता. त्या जागी काय घालायचं ते ठरत नव्हतं. ती म्हणाली, "तिथं म्या सांगते. त्यांनी काय केलं ते सांगते, मग हे म्हणते. नक्कल नगं."

ढोलकीशिवाय जमणार नव्हतं, म्हणजे नागेशशिवाय. मी त्याला बाजूला घेऊन बोलले होते. तो खाली मान घालून "चुकलं" म्हणाला होता, पण ते मला. तिला तो काही म्हणाला नाही. पहिल्या दिवशी त्यानं सवयीप्रमाणं भरगच्च वाजवलं आणि तिचा आवाज त्यात बुडाला. ती थांबली, त्याच्याकडं बघितलं. दुसऱ्यांदा त्यानं निम्मे बोल गाळले. तिसऱ्या दिवशी मी दाराबाहेरून ऐकलं, नागेश विचारत होता, "तू दुसऱ्यांदा म्हणतीस तवा म्या हात उचलू का? नुसती तूच ऐकू येशील." ती म्हणाली, "उचल." एवढंच बोलणं. मला वाटतं त्या दोघांत माफीचं जे काही व्हायचं ते तिथं झालं. पूर्ण झालं की नाही, ते मी कशी सांगणार.

गॅदरिंग दुपारी तीनला सुरू झालं. पटांगणात सतरंज्या, मागं बायका, त्यांच्या मागं मोटारसायकलींवर बसलेली पोरं. ऑपेरेटाला लोकांनी ओढण्यांना दाद दिली, व्हॉडव्हिलमधल्या कसरतीला शिट्ट्या पडल्या. मग महानंदा पुढं आली. साधा शाळेचा गणवेश, तोंडाला पावडरसुद्धा नाही. मागून कुणीतरी काहीतरी बोललं आणि चार-दोन जण हसले.

तिनं माइक खाली घेतला आणि आपल्या बोलीत सांगायला लागली. "लई वर्सांपूर्वी अमेरिकेत नाटकवाले तोंडाला काजळ फासायचे. कशाला, तर माझ्यावानी दिसावं म्हणून. आन् मग लोक हसायचे." ती थांबली. मोटारसायकलींकडं बघितलं. "आत्ता हसले तसे."

हायवेवरचा एक ट्रक जाईपर्यंत ती थांबली. मग गायला लागली.

काळं रान दिसलं की मन भरतंय तुमचं,
काळं रान दिसलं की मन भरतंय तुमचं,
काळं माणूस दिसलं की हसू का येतंय?

दुसऱ्या ओळीला नागेशनं हात उचलले. तो खरबरीत आवाज एकटा पटांगणावरून गेला, आणि तिसऱ्या ओळीला ढोलकी अशी आली की मागच्या बायकांत हालचाल झाली. तिनं तेच कडवं तीनदा म्हटलं. दुसरं कडवं नव्हतंच. अमेरिकेतून आलेला आकार होता, नागेशच्या बोटांत खंडोबाच्या भजनाचा ठेका होता आणि रान जळकोटचं होतं. लाल शाईनं अधोरेखित केलेलं माझं ते वाक्य, गाणं पुढं नेतं म्हणजे काय, ते मला त्या सतरंजीच्या कडेला उभं राहून कळलं. गाण्याआधी तिच्यावर हसलेली माणसं गाण्यानंतर तीच राहिली नव्हती. निदान त्या दुपारपुरती.

टाळ्या लगेच आल्या नाहीत. आधी एका म्हातारीनं नाक ओढलं, मग टाळ्या आल्या. बिराजदार सर खुर्चीत पुढं झुकून बसले होते. ते शेजारच्या पाहुण्यांना कानडीत काहीतरी म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. महानंदाची आई मागून उठून माझ्यापाशी आली. म्हणाली, "घरात ही गात न्हाय, मॅडम. रानात एकलीच गुणगुणती. आमी जवळ गेलो की गप. म्या म्हणायची, लाजतीया." माझा हात थोडा वेळ धरून उभी राहिली.

कार्यक्रम मात्र अर्धवट राहिला. पाहुण्यांचं भाषण लांबलं, ऊन उतरलं, लांबच्या वस्तीवरच्या मुलींना घरी जायचं होतं. त्यामुळं जॅझच्या पुढचं, रॉकचं, रॅपचं, जे शेवटी मी स्वतः सांगणार होते, ते सगळं कापावं लागलं. मला वाईट वाटलं, पण थोडंच.

दोन दिवसांनी शाळा पुन्हा रुळावर आली. मी अकरावीच्या वर्गात शिरले, पुस्तक उघडलं. महानंदा तिच्याच बाकावर होती, शेवटून दुसऱ्या. तिनं हात वर केला. वर्षभरात पहिल्यांदा.

"मॅडम, पुढं काय झालं त्या नाटकांचं?"

मी पुस्तक मिटलं. सांगितलं, की पुढं विजेची गिटार आली आणि रंगमंचाचे आवाज मोठे झाले. आणि मग ज्यांच्या नकला व्हायच्या, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांच्या गल्लीत जन्मलेलं एक बोलगाणं, रॅप, त्या मोठ्या थेटरांत शिरलं. आता देशाचा इतिहाससुद्धा तिथं रॅपमध्ये सांगतात आणि तिकिटं मिळत नाहीत.

"रॅप म्हणजे कसं?" पूजानं विचारलं. "तुमी करून दाखवा."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण नागेशनं बाकावर ठेका धरला होता. मी टेबलापुढं येऊन उभी राहिले आणि जळकोट, अणदूर, नळदुर्ग, तुळजापूर ही एसटीची वाटच भराभर तालात म्हणायला लागले. नळदुर्गपर्यंत जमलं. तुळजापूरला यायच्या आत ताल सुटला, शब्द एकमेकांवर पडले. सगळा वर्ग हसला. महानंदाही हसली. तोंडावर हात न ठेवता, दात दाखवून, बाकावर मागं रेलून. मी तिला हसताना पहिल्यांदाच बघत होते.

मी खडू उचलायला वळले तर ती म्हणाली, "थांबू नगा, मॅडम. चुकलं तर चुकू द्या. तुमी म्हणत ऱ्हावा, आमी हाय की मागं."